नळ घरोघरी, प्लंबर मात्र अठरा किलोमीटरवर

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

प्लंबर लोक लुटतात, हे आमच्याइकडे पारावर बसलं का रोज ऐकायले भेटते. मे महिन्यापर्यंत मीबी तेच म्हणत होतो. आता थोडं वेगळं म्हणतो, म्हणून हे पत्र.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, भर खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, प्यायचं पाणी योजनेचं, तेबी दिवसाआड, कधी तीन दिवसाआड. वापराले बोअरच. या खाऱ्या पाण्यानं तोटीवर पांढरा थर चढते, व्हॉल जाम होतात, टाकी भरली का पाणी बंद करणारं बॉल कॉक चिकटून बसते अन टाकी वाहत राहते. वरून ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, गच्चीवरचा पीव्हीसी पाईप उन्हानं असा कडक होते का नुसता पाय लागला तरी तडकते. आमचा तडकला, टाकीच्या अगदी बुडाशी.

तुम्ही म्हणाल, शेतकरी माणूस, पाईप जोडता येत नाही काय. येते ना! विहिरीपासून वावरापर्यंतची लाईन मीच टाकली, ठिबकच्या नळ्याबी मीच जोडल्या, सोलुशन लावलं, पाईप ठोकला, झालं. पण वावरात जोड गळला तर पाणी कपाशीलेच जाते, घरात गळला तर भिंत जाते. हे मले गच्चीवर चढल्यावर समजलं. जाम व्हॉल पान्ह्यानं फिरवता फिरवता टाकीले पाईप जोडणारं निपलच तोडून ठेवलं. घरच्यांनी खालूनच विचारलं, "झालं का वो?" मी काही बोललो नाही.

मग फोन. एक म्हणे लग्नात आहे, एकानं उचललाच नाही, तिसरा दर्यापूरहून दोन दिवसांनी आला. हे दोन दिवस गुंडानं पाणी वाहणं कोणाच्या कमरेवर गेलं ते सांगत नाही, घरात पेपर वाचतात.

पोरगा कामाचा होता, बोललं पाहिजे. व्हॉल, निपल, दोन एल्बो, टेप, सोलुशन असं सामान ६४० चं, मजुरी ८००, गाडीचे १५०. एकूण १५९०. मी म्हनलं, बापू, दीड तासाचे आठशे? तर तो म्हणे, "काका, काम दीड तासाचं, पण दिवस तर गेला ना." अन खरंच गेला होता. काम झालं तेव्हा विजेची लाईन गेली, मोटर चालू होईना, पाणी चढल्याशिवाय जोड गळते का नाही हे पाहता येत नाही, तर बिचारा दोन तास निंबाखाली चहा पीत बसला. जाणं-येणं छत्तीस किलोमीटर, पेट्रोल शंभरच्या वर, दुसरं काम त्या दिवशी घेता आलं नाही. तरी मी घासाघीस करून शंभर कमी केलेच. सामानाच्या ६४० वर मात्र दुकानात तोंडातून शब्द काढला नाही. आपली ही सवयच आहे, वस्तूचा भाव निमूट देतो, हाताच्या कामाचा भाव आला का आवाज चढते.

जाताना तो बजावून गेला, "काका, सकाळलोक कॉक खोलू नका बरं, सोलुशन वाळू द्या." संध्याकाळी लाईन आली, पाहुणे आले, मी खोलला. जोड सटकला, पाणी जिन्यावरून थेट अंगणात. दुसऱ्या दिवशी तो परत आला, मजुरी घेतली नाही, गाडीचे अन एल्बोचे मिळून २०० घेतले. घरच्या म्हणे, "त्यानं सांगतलं होतं ना, थांबा म्हणून."

तरी माझी एक तक्रार आहेच. रेट आधी सांगत नाहीत. फोनवर "पाह्यल्याशिवाय कसं सांगू" हे ठीक आहे, पण यायचे किती, व्हॉल बदलायचे किती, एवढं तर सांगता येते. एकाच गल्लीत एकाले बॉल कॉकचे दोनशे अन दुसऱ्याले साडेतीनशे, मग लोक लूट म्हणणारच.

पण मूळ दुखणं अंतराचं आहे साहेब. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ले जाहीर झालं, हर घर जल, माणशी रोज ५५ लिटर. घरोघरी तोट्या आल्या, चांगलं झालं, पण घरोघरी तोटी म्हणजे घरोघरी वायसर, ते झिजणार, ते बदलणार कोण? गावात मोटर रिवाइंडिंगवाले तीन आहेत कारण शेतीले लागतात, प्लंबर एकही नाही. नल जल मित्र म्हणून गावातल्याच पोराले नळ-मोटरचं काम शिकवायचा कार्यक्रम आहे म्हणतात, आमच्या गावात असा मित्र अजून कोणाले दिसला नाही. १७ सप्टेंबर २०२३ ले कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली, त्यात १८ धंदे, सुतार, लोहार, गवंडी, न्हावी, शिंपी, कुलूपवालाबी आहे, पण प्लंबर नाही. आयटीआयचा प्लंबरचा कोर्स एका वर्षाचा, तरी आमची पोट्टी इलेक्ट्रिशियनच्या मागे. प्लंबर म्हटलं का घरच्यांना संडासाचं कामच दिसते, सोयरीक करताना विचारतात म्हणे.

ग्रामपंचायतीनं दोन पोरं शिकवून आणावीत, पान्ह्याची पेटी घेऊन द्यावी अन बोर्डावर रेट लिहावा, बाकी काही नको. पाणीपट्टीसोबत वर्षाले पन्नास रुपये जास्त मागितले तर मी पहिला देईन, पारावरचे देतील का ते विचारून सांगतो.

सध्या गच्चीवरचा पाईप गोणपाटानं गुंडाळून ठेवला आहे. बॉल कॉक परत चिकटायले लागलं, त्या पोराले फोन केला, तो म्हणे सोमवारी येतो, अन या वेळेस यायचे किती ते आधीच सांगितलं.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती