त्या रात्रीच्या सगळ्या सिस्टरांना, मनापासून थँक्यू

नाव एकीचंही माहीत नाही म्हणून इथेच लिहितेय. मला प्रेग्नन्सीत शुगर होती, त्यात बाळ ३६व्या आठवड्यातच आलं, आणि पहिल्या काही तासांतच हातपाय थरथरायला लागले, दूधही ओढेना, मला वाटलं थंडी वाजत असेल, पण ड्युटीवरच्या सिस्टरनी बघताक्षणी टाचेतून थेंबभर रक्त घेतलं आणि शुगर निघाली २८, म्हणजे खूपच कमी!

आईची शुगर वाढलेली असली की पोटातल्या बाळाचं इन्सुलिनही वाढतं आणि नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम बंद, इन्सुलिन मात्र तसंच, म्हणून शुगर पडते, हे मला सिस्टरनी हात चालू ठेवून समजावलं. लगेच सलाईनमधून १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, लावलं.

आणि ती दुसरी ताई, जिने माझा चीक हाताने काढून वाटीत घेतला, चमच्याने पाजला, बाळाला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घातलं, कारण बाळ गार पडलं की शुगर अजून उतरते. पहाटेपर्यंत दर थोड्या वेळाने येऊन तपासत होती. ५८ आली तेव्हा माझ्याआधी तिचेच डोळे भरले.

ताई, बाळ आता मस्त दूध पितंय.