बोट आली, पण चालवणार कोण?

पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या गावांना बोटी व लाइफ जॅकेट देण्यात येणार असल्याची बातमी वाचली. निर्णय चांगलाच आहे. पण नुसत्या बोटीने माणसे वाचत नाहीत, हे आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना कोणी सांगायला नको. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांचीच बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोट होती, ती चालवणारे गावचेच होते. मात्र तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली होती. दारात पाणी आलेल्या माणसाला ‘तू पुढच्या फेरीला ये’ असे सांगायला अधिकार लागतो, आणि सवयही.

एनडीआरएफचा (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा) तळ पुण्याकडे तळेगावजवळ सुदुंबरे येथे, म्हणजे इथून दोनशे किलोमीटरहून लांब. त्या वर्षी पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात.

आमच्या गावची बोट ताडपत्रीखाली पालथी पडलेली असते. तिच्या आडोशाला कोंबड्या अंडी घालतात. गोदामातल्या लाइफ जॅकेटचे पट्टे उंदरांनी कुरतडले आहेत. तेव्हा प्रत्येक बोटीमागे गावातील चार-पाच पोहणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण व मानधन द्यावे, क्षमतेचा आकडा बोटीवर ठळक रंगवावा आणि मे महिन्यात एकदा तरी ती इंजिनासह पाण्यात उतरवून पाहावी.

– एक वाचक, भिलवडी (जि. सांगली)