अत्तराच्या बाटलीवरचे हिरवे पान

संपादक महोदय,

‘निसर्गस्नेही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या परफ्यूमच्या खोक्यावर एक हिरवे पान हमखास असते. गिऱ्हाइकाने त्या पानाऐवजी बाटलीची मान पाहावी. पंप ॲल्युमिनियमच्या कड्याने काचेवर दाबून बसवला असेल, तर तो हाताने निघत नाही. पकडीने ओढला तर काचेची कड उडते. मग प्लास्टिकची नळी, स्प्रिंग आणि काच एकत्रच कचऱ्यात जातात. फिरकीचा पंप असेल तर बाटली पुन्हा भरता येते, काचही वेगळी होते.

त्यानंतर भरलेली बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावी. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने 50 मिलि परफ्यूमचे वजन साधारण 42 ग्रॅम भरते. काटा 200 दाखवत असेल, तर उरलेले 158 ग्रॅम काच, झाकण आणि पंप यांचे. जाड बुडाची बाटली हातात श्रीमंत वाटते खरी, पण ती वितळवायला आणि वाहून न्यायला तेवढेच जास्त इंधन जळते.

‘नैसर्गिक’ या शब्दाने तर फारच घोळ घातला आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साडेतीन ते चार टन फुले लागतात. जाईसारखी नाजूक फुले वाफेची उष्णता सोसत नाहीत, म्हणून त्यांचा अर्क बहुधा हेक्झेन या पेट्रोलियमजन्य द्रावकाने काढतात. काजूच्या फेणीची भाटी पाहिलेल्या गोंयकाराला ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून अर्क काढण्यात, किती सरपण जाते हे वेगळे सांगायला नको. चंदनाचे तेल खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत असते, त्यामुळे झाड मुळासकट उपटावे लागते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत चंदन ‘असुरक्षित’, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेले, आहे; तर अगरूचा (ऊद देणाऱ्या सुगंधी लाकडाचा) आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराने नियंत्रित केला आहे. तेव्हा चंदन लागवडीचे की जंगलातले, कुठल्या राज्यातले, हे विचारावे. स्वस्त ‘चंदन अत्तरा’त तर चंदनतेलाऐवजी अनेकदा लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल असते.

म्हणून कृत्रिम सुगंध सरसकट बरे, असेही नाही. प्रयोगशाळेत बनलेला चंदनगंध झाड वाचवतो. गॅलॅक्सोलाइडसारखी कस्तुरीगंधी रसायने मात्र सहज विघटित होत नाहीत; सांडपाणी प्रकल्पातून निसटून ती नदीत आणि माशांच्या चरबीत पोहोचतात. घटकांच्या यादीत ती बहुधा ‘परफ्यूम’ या एका शब्दाआड लपलेली असतात. म्हणून कंपनीला थेट लिहून विचारावे: बहुवलयी मस्क (गॅलॅक्सोलाइडच्या गटातली रसायने) वापरता का? ‘आमचे सूत्र गुप्त आहे’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे; सूत्र न उघडताही हो किंवा नाही म्हणता येते.

आपल्याकडे फुलांच्या हंगामात सुरंगीचे वळेसर बाजारात येतात, त्यामुळे ‘गोव्याच्या सुरंगीचे अत्तर’ म्हटले की जीव हरखतो. तिथेही वर्षाला किती किलो फुले घेतली आणि कुठल्या गावातून, हे आकडे मागावेत. बाटल्या हजारोंनी विकल्या आणि फुले दोन टोपल्या, तर हिशेब जुळत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 मधल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे दावे मोघम ठेवता येत नाहीत. दावा संपूर्ण मालाचा, वेष्टनाचा की प्रक्रियेचा हे स्पष्ट करावे लागते, आणि त्याचा पुरावा क्यूआर कोडवर किंवा दुव्यावर द्यावा लागतो. कोड किंवा दुवा नसेल, किंवा तो नुसता जाहिरातीवर नेत असेल, तर खोक्याचा फोटो आणि पावती जपून ठेवावी व 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

— सुगंधद्रव्य क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, म्हापसा