क्रिस्टल रेडिओत खडा हवाच

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत शालेय प्रदर्शनासाठी क्रिस्टल रेडिओ, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारा खड्याचा रेडिओ, बनवण्याची कृती वाचली. कॉइल, गँग (स्टेशन लावण्याचा बदलता कपॅसिटर), एरियल आणि अर्थिंग यांचे वर्णन नेमके आहे. मात्र सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाच्या, म्हणजे डिटेक्टरच्या, जागी ‘कोणताही डायोड चालेल’ (डायोड म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असे म्हणून चित्रात १एन४००७ दाखवला आहे, तो विद्यार्थ्यांची निराशाच करील. तो पॉवर सप्लायसाठीचा सिलिकॉन डायोड आहे. त्यातून ठीकसा प्रवाह जाण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, आणि बॅटरीशिवाय केवळ एरियलवर येणारा सिग्नल सहसा तेवढा नसतो. ओए७९ किंवा १एन३४ हे जर्मेनियमचे काचेचे डायोड ०.२ ते ०.३ व्होल्टवर काम करतात, म्हणून निदान त्यांचा उल्लेख हवा होता.

परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ज्या खड्यामुळे या संचाला हे नाव पडले, त्या खड्याचा संपूर्ण कृतीत पत्ताच नाही. हा खडा म्हणजे बहुधा गॅलिना, शिशाचे सल्फाइड असलेले खनिज. आपल्याकडे राजस्थानातील जावरच्या खाणींतून ते निघते. चांदीसारखा चकाकणारा, आकाराच्या मानाने चांगलाच जड आणि फोडला की चौकोनी तुकडे पडणारा हा दगड, त्यावर बारीक तारेचे टोक अलगद टेकवले की प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो आणि मध्यम लहरींवर स्वार झालेला आवाज हेडफोनमध्ये उतरतो. हेडफोन मात्र दोन हजार ओहम किंवा त्याहून अधिकचा हवा. मोबाइलचा चालत नाही. गॅलिनाच्या अशा डिटेक्टरचे पेटंट जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत मागितले व ते २९ मार्च १९०४ रोजी मंजूर झाले, हे तरी आपल्या विद्यार्थ्यांना कळायला हवे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनात माझ्या नातीने असा संच मांडला होता. परीक्षकांनी तार एकदाच टेकवली, आवाज आला नाही, आणि ‘संच बंद’ असा शेरा मारून ते पुढे गेले. खड्याचा प्रत्येक बिंदू सारखा संवेदनशील नसतो. तार उचलून अर्धा मिलिमीटर सरकवावी, पुन्हा टेकवावी, दाब कमी-जास्त करावा, असे दहा-वीसदा केल्यावर एका ठिकाणी निवेदकाचा आवाज अचानक स्पष्ट होतो. शेजारचे टेबल कुणी हलवले तर तो बिंदू निसटतो, हेही खरे. म्हणूनच जुन्या काळी डायोड आल्यावर लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला असणार. पण शिकण्यासाठी ही शोधाशोधच उपयोगाची आहे.

कृती पुन्हा छापणार असाल, तर आणखी काही सूचना जोडाव्यात. खडा नेहमीच्या सोल्डरमध्ये बसवू नये, उष्णतेने त्याची संवेदनशीलता जाते. पितळी टोपणात चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलने घट्ट दाबून बसवला तरी भागते. वरचा पृष्ठभाग बोटांनी हाताळू नये, तेलकटपणा लागला की आवाज मंदावतो. तसा लागलाच तर स्पिरिटने पुसावा. गॅलिनात शिसे असल्याने मुलांनी तो घासू वा कुटू नये आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

आपला,
एक निवृत्त रेडिओ तंत्रज्ञ, पुणे