काका, त्या चार बिट्ससाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा अक्कलकोट रोडच्या कारखान्यातलं जेकार्डचं (कापडावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचं) इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त होऊन मागावर चढलं. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून चारचौघांसमोर हे पत्र लिहितोय.

माझा यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर तारांवरचे 0-1 चे सिग्नल नुसते बघायचा, संगणकाच्या स्क्रीनवर दाखवायचा. मला त्यातूनच कार्डाला रिसेट (पहिल्यापासून सुरू हो, असा सिग्नल) द्यायचा होता, म्हणून अ‍ॅनालायझरचं फर्मवेअर (त्याच्या चिपमधला प्रोग्रॅम) स्वतः लिहायला घेतलं. आत सायप्रेसची एफएक्स२एलपी चिप. 8 चॅनेल पोर्ट बीवर (पोर्ट म्हणजे आठ पिनांचा गट), म्हणजे पोर्ट डी मोकळा असणार, असं मी धरून चाललो. ओईडी रजिस्टरने (चिपमधल्या सेटिंगच्या जागेने) पोर्ट डीच्या पिना आउटपुट केल्या, आयओडी या रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी 1 लिहिला. मीटरवर शून्य! आठ दिवस तेच. चिप गेली समजून दुसरा बोर्ड मागवला, तोही तसाच.

तुम्ही त्या दिवशी दुपारच्या उन्हात नवी पेठेतून चालत दुकानात आलात. पंखा माझ्याकडे वळवलात आणि विचारलंत, "एंडपॉइंट 2 चा वर्डवाइड बिट शून्य केलास. बाकीचे तीन?" एंडपॉइंट म्हणजे चिपमधले यूएसबीचे डेटा-मार्ग; वर्डवाइड बिट 1 असला की डेटा 8 ऐवजी 16 तारांवरून जातो. एंडपॉइंट 4, 6 आणि 8 मी वापरतच नव्हतो, त्यामुळे त्यांना हातही लावला नव्हता. तुम्ही मॅन्युअलचं पान उघडून पेन्सिलीने खूण केलीत: रिसेटनंतर हा बिट चारही ठिकाणी 1 असतो, आणि एक जरी 1 राहिला तरी पोर्ट डी डेटा बसकडेच जातो. ओळी मात्र माझ्याकडूनच लिहून घेतल्यात, प्रत्येकीनंतर सिंकडिले (चिपसाठी छोटासा थांबा) टाकायला लावलात. पिनेवरचा एलईडी लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काका.

लगेच पिन कार्डाला जोडायला निघालो, तर हात धरलात. पिन 3.3 व्होल्टची, जेमतेम 4 मिलिअँपिअरची. मधे ट्रान्झिस्टर हवाच. तो नसता तर गिऱ्हाइकाचं कार्ड आणि माझा बोर्ड, दोन्ही गेले असते.

मग रिसेट माझ्या पिनेने थोडा जास्त वेळ खाली धरला आणि कार्ड पहिल्याच झटक्यात उठलं. स्क्रीनवर कार्डाचे क्लॉक, डेटा, लॅच हे सिग्नल, सगळं ओळीने. कार्डावरचा रिसेटचा कपॅसिटर सुकला होता, म्हणून रिसेट पुरेसा वेळ टिकत नव्हता, एवढंच. नवा टाकला.

तुमची पेन्सिल दुकानातच राहिलीय. रविवारी घेऊन येतो, काकूंसाठी शेंगाचटणीही आणतो.

तुमचा,
कार्ड दुरुस्तीवाला