अरेंजरचेही नाव छापा

जुन्या जॅझवर लिहिताना बँडप्रमुखाचे नाव ठळक येते, अरेंजरचे, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचे हे लिहून देणाऱ्याचे, क्वचितच. स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडने वाजवायच्या नाचाच्या जॅझच्या, बाबतीत हे फारच खटकते. बँडप्रमुख बेनी गुडमनने १९३५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ घ्या. मूळ रचना जेली रोल मॉर्टनची, क्लॅरिनेट गुडमनची. पण सगळी बांधणी फ्लेचर हेंडरसनची. ब्रासने (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनने) एक तुकडा फेकायचा, सॅक्सोफोनच्या ताफ्याने तो झेलून उत्तर द्यायचे, मध्ये सोलोसाठी मोकळी जागा ठेवायची, हे आधीच कागदावर उतरलेले असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे पाल्हाळाला वावच नव्हता. हेंडरसनचा स्वतःचा बँड डबघाईला आला, तेव्हा त्याने आपल्या अरेंजमेंट गुडमनला विकल्या. गुडमनने श्रेय मोकळेपणाने दिले, हे खरे. तरी ‘स्विंगचा राजा’ म्हणून मिरवला गेला गुडमनच. हेंडरसन कृष्णवर्णीय, गुडमन गोरा; तेव्हाच्या गोऱ्या अमेरिकेत दुसरे काय होणार! आणि आपण तरी कुठे वेगळे? शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे गोव्याचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा किती रसिकांना ठाऊक आहेत? संगीतविषयक पुरवणीत यापुढे गायक-संगीतकारांच्या जोडीने अरेंजरचे नावही द्यावे, ही विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक, दादर