दार बसवण्याची जादा मजुरी आणि सदोष काम: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: दर्शनी दाराच्या बसवणीत कोटेशनबाहेर घेतलेले १३,६८८ रुपये परत मिळणे आणि चौकट नव्याने बसवून मिळणे

महोदय,

रत्नागिरीतील घराच्या पश्चिमेकडील दारासाठी आपण दिलेल्या लेखी कोटेशनमध्ये बसवणीची मजुरी ४,५०० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. जुनी चौकट काढणे, नवी चौकट व दार बसवणे, कुलूप जोडणे आणि राडारोडा उचलणे हे सगळे त्यातच धरल्याचे त्याच ओळीत लिहिले आहे. बिल मात्र १६,१०० रुपयांचे, १८ टक्के जीएसटी धरून १८,९९८ रुपयांचे आले आणि ते पूर्ण भरले आहे. कोटेशनप्रमाणे ५,३१० रुपयेच होतात.

वाढीव रकमा अशा लावल्या आहेत: जुनी चौकट काढणे २,८००, भिंत फोडणे व दुरुस्ती ३,२००, कुलुपाची खाच १,२००, पीयू फोमचे (फट बुजवणाऱ्या, फुगून घट्ट होणाऱ्या फेसाचे) ४ कॅन २,६०० आणि प्रवासखर्च १,८००. पहिली बाब कोटेशनच्या मजुरीतच आहे. कुलुपाची खाच कारखान्यातूनच पाडून आली होती, जागेवर फक्त कुलूप बसवून चार स्क्रू आवळले. भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे लावले, पण गवंडी आलाच नाही. एक सुतार आणि एक मदतनीस, दोघांचे एका दिवसाचे काम झाले. प्रवासखर्चाचा तर कोटेशनमध्ये उल्लेखही नाही.

फोमचा हिशोब तपासून पाहावा. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू आणि वरची आडवी मिळून सुमारे सव्वापाच मीटर लांबी, भिंत व चौकटीमधली फट २० मिमी, चौकटीची खोली १२५ मिमी. सगळी फट भरली तरी ती १३-१४ लिटर भरते. ७५० मिलीचा एक कॅन फुगून २० लिटरच्या वरच फेस देतो. एका कॅनचे काम असताना चार कॅनचे पैसे का?

पण पैशांपेक्षा काळजी कामाची आहे. भिंत जांभ्या चिऱ्याची आहे. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. आपल्या माणसांनी त्यात फुगणारे अँकर बोल्ट ठोकले, तेही प्रत्येक बाजूला दोनच. असा बोल्ट आवळला की त्याची नळी भोकाच्या कडेवर दाब देऊन पकड घेते. काँक्रीटमध्ये ती टिकते, चिऱ्यात कडेचा भुगा होतो. बिजागरीकडचा वरचा बोल्ट आताच हाताने फिरतो. दार जोरात लागले की चौकट हलते आणि गिलाव्यात केसाएवढी भेग गेली आहे.

जुन्या चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, प्रत्येक बाजूला तीन होते. ते ग्राइंडरने कापायचे सोडून पहारीने उपटले आणि वरच्या कोपऱ्यातला चिरा फुटला. तरीही सहा खाचे तयार मिळाले होते. त्यात नवे होल्डफास्ट बसवून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरायचे आणि निदान सात दिवस पाणी मारायचे, एवढेच करायला हवे होते. त्याऐवजी त्यात फोम भरला. फोम फट बुजवतो, चौकटीचा भार पेलत नाही. बाहेरून तो उघडाच सोडला आहे. उन्हाने त्याचा भुगा होतो आणि कापलेल्या बाजूने तो पाणी ओढतो. पावसाची झड थेट याच दारावर येते. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला प्रायमरचा एक हातही नाही. ही ओल सागवानालाही सोसणार नाही.

चौकट ओळंब्यातही नाही. आतल्या मापाने ती १००० बाय २१०० मिमी आहे, तेव्हा दोन्ही कर्ण २३२६ मिमी यायला हवेत. प्रत्यक्षात २३३० आणि २३२२ येतात. ओळंबा लावला की वरचे टोक कुलुपाच्या बाजूला ९ मिमी कललेले दिसते. त्यामुळे दाराच्या वरची फट बिजागरीकडे ३ आणि कुलुपाकडे ७ मिमी आहे आणि खालचा कोपरा उंबऱ्याला घासतो. त्यात वरच्या बिजागरीला एक इंची स्क्रू आहेत. चाळीस किलोंहून जड दाराला दोन इंचीच हवेत.

'पावसाने लाकूड फुगले, खालून रंधा मारून देतो' असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. ते मान्य नाही. लाकूड फुगते ते रुंदीत, आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या फटी सारख्याच आहेत. रंधा मारला तर चौकट तिरकीच राहील आणि उन्हाळ्यात खालून बोटभर उजेड दिसेल.

म्हणून मागणी अशी:

१. जादा घेतलेले १३,६८८ रुपये १५ दिवसांत परत करावेत.

२. दार उतरवून चौकट सोडवावी, मागच्या बाजूला प्रायमर मारावा, प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट काँक्रीटमध्ये बसवावेत, चौकटीत आडवे ठोकळे देऊन कर्ण जुळवावेत आणि काँक्रीट पक्के झाल्यावरच दार टांगावे. फुटलेला चिरा व गिलावा गवंड्याकडून दुरुस्त करून बाहेरची फट सीलंटने बंद करावी. यासाठी वेगळी मजुरी घेऊ नये.

३. मधले दिवस घर उघडे राहणार नाही यासाठी तात्पुरती फळी ठोकून द्यावी.

मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली जाईल आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागितली जाईल. कोटेशन, बिल, भरणा पावती आणि कर्ण, ओळंबा व फिरणारा बोल्ट यांचे फोटो सोबत जोडले आहेत. पाहणीला सुताराबरोबर गवंड्यालाही पाठवावे.

आपला,
ग्राहक